आधी दोन फेरे हातानं

मे महिन्यातली दुपार होती. नागपुरात मानेवाड्याच्या एका लहान गॅरेजात माझी नऊ वर्षं जुनी सॅन्ट्रो उभी होती, पुढचं एक चाक काढलेलं, इंजिनाखाली जॅक. मेकॅनिकनं नवा टायमिंग बेल्ट चढवला, तो ताणून धरणारा टेन्शनर आवळला. गाडी सुरू करायला मी खिशातून चावी काढली, तर तो म्हणाला, "थांबा न भाऊ, काहून घाई करता? आधी दोन फेरे हातानं घेऊ."

दोनच का? इंजिनात खाली क्रँकशाफ्ट असतो, तो पिस्टनला जोडलेला. वर कॅमशाफ्ट, तो व्हॉल्व्ह, म्हणजे हवा-धुराच्या वाटेवरची झाकणं, उघडतो. हवा आणि पेट्रोल आत घेणं, दाबणं, पेटवणं आणि धूर बाहेर टाकणं एवढ्या कामाला क्रँकचे दोन फेरे लागतात, आणि तेवढ्यात प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडायचा असतो. म्हणून कॅमच्या चाकाला क्रँकच्या चाकाच्या बरोबर दुप्पट दाते. मिनिटाला 3000 फेऱ्यांवर एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो. हा ताल सांभाळणारा दुवा म्हणजे टायमिंग बेल्ट, हा दातेरी रबरी पट्टा.

सॅन्ट्रोसारख्या बऱ्याच इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेत येतात, फक्त वेगवेगळ्या क्षणी. धावत्या गाडीत पट्टा तुटला की कॅम जागीच थांबतो, क्रँक मात्र वेगात फिरतच राहतो. उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर पिस्टन खालून आदळतो आणि ते वाकतात. मग हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, खोलावं लागतं, आणि तो खर्च पट्टा बदलण्याच्या कितीतरी पट होतो.

पट्ट्यात रबर असलं तरी खरा ताण पेलतात ते आतले काचतंतूंचे दोर. काच ओढीला ताणत नाही, म्हणून टायमिंग टिकतं. पण तीच काच घडी घातली की आतून तुटते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. या मेकॅनिकनं पट्टा खोक्यातून काढला तो दोन्ही हातांवर, गोल ठेवूनच. माझा विश्वास बसला तो तिथं.

त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी मला सांगितलं होतं, "आवाज नाही न येत? मग कशाला खोलता?" हे ऐकून मी वर्षभर गाडी तशीच चालवली, आणि त्याची मला आजही चुटपुट लागते. काही इंजिनांत पट्ट्याऐवजी साखळी असते. ढिली झालेली ही टायमिंग चेन बहुधा खडखडते, पण पट्टा बहुतेक वेळा न सांगताच तुटतो. कंपन्या साधारण 60 हजार ते 1 लाख किलोमीटरची मर्यादा देतात आणि सोबत वर्षंही मोजायला सांगतात. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहावा. वर्षं मोजायची, कारण रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. उष्णतेनं ही झीज वाढते, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांपलीकडे गेला की बॉनेटखालचा ताप त्याहून कितीतरी जास्त. जुन्या सीलमधून ऑइल झिरपून पट्ट्यावर आलं तर रबर फुगून दातेच सुटतात.

म्हणून चांगला मेकॅनिक नुसता पट्टा बदलून मोकळा होत नाही. टेन्शनर आणि पट्ट्याला वाट देणारी आयडलर पुली यांची बेअरिंगं, तेलाची सील आणि वॉटर पंप त्याच पट्ट्यावर चालत असेल तर तोही, हे सगळं तो त्याच खोलण्यात पाहतो. पंप पुढच्या वर्षी जाम झाला, तर नवा पट्टाही सोबत नेतो. विचारल्यावर जो हे समजावून सांगतो आणि काढलेले जुने भाग हातात देतो, त्याच्याकडे मी गाडी निर्धास्त सोडीन.

त्यानं क्रँकच्या बोल्टला पाना लावून हळू फिरवायला सुरुवात केली. दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा होतो, म्हणजे एकूणएक व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतो. कुठं धातूला धातू टेकलाच, तर तो अडथळा हाताला कळतो. स्टार्टरला तो कळत नाही, तो रेटून व्हॉल्व्ह वाकवतो. कॅमच्या चाकाला 40 दाते असतील, तर एक दाता चुकला की कॅम 9 अंशांनी सरकतो, क्रँकच्या हिशेबात 18. एवढ्यानं पिकअप पडतो, इंजिन थरथरतं.

दोन फेरे झाले. खालची खूण खाचेशी आली, वरची हेडवरच्या रेघेशी. "या, पाहा," म्हणत त्यानं टॉर्च माझ्या हातात दिला. दोन्ही खुणा तंतोतंत जुळल्या होत्या. मग त्यानं कव्हर लावलं, आणि पांढऱ्या मार्करनं त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहिले.