फूल कंदातच असतं, त्याला हवी असते थंडी

शरद ऋतूत हायासिंथ या फुलझाडाचा एक कंद सुरीने उभा चिरून पाहा. कांद्यासारखे जाड पापुद्रे, तळाशी मुळं फुटणारी कठीण चकती आणि मधोमध फिकट, इवलासा तुरा. वसंतात उमलायच्या कळ्या त्यावर आत्ताच दाटीने बसलेल्या दिसतात. ट्यूलिप आणि डॅफोडिलचंही तसंच. पहिल्या वर्षीचं फूल कंदासोबतच येतं, म्हणून निवड करताना घाई करू नये. हाताला टणक, जड लागणारे कंद घ्यावेत. चकती मऊ पडलेला कंद लावूच नये. पिकणाऱ्या फळांजवळ कंद ठेवले, तर फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने ट्यूलिपची कळी आतल्या आतच मरते.

ट्यूलिपला साधारण १२ ते १६ आठवडे ९ अंश सेल्सिअसच्या खालची थंडी लागते. त्या काळात कंदातल्या स्टार्चची साखर होऊ लागते आणि दांडा उंच वाढायला तयार होतो. थंडी कमी पडली, तर फूल पानांच्या बेचक्यात, जमिनीलगतच अडकतं.

डॅफोडिल लवकर लावावेत, त्यांना मुळं धरायला वेळ लागतो. ट्यूलिप मात्र सगळ्यांत शेवटी, माती चांगली गार झाल्यावर. पानांवर डाग पाडणाऱ्या बोट्रायटिस बुरशीचा धोका त्यामुळे घटतो. खोली कंदाच्या उंचीच्या तिप्पट: ट्यूलिप १५ सेंटिमीटर, छोट्या कंदाचं क्रोकस ८ ते १०. टोक वर. ट्यूलिप १२ सेंटिमीटर अंतराने लावले, तर चौरस मीटरला साधारण ६५ कंद बसतात.

सर्वाधिक कंद जातात ते साचलेल्या पाण्याने. आधी ३० सेंटिमीटर खोल खड्डा करून पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं, तर वाफा १५-२० सेंटिमीटर उंच करावा. चिकणमातीत खड्ड्याच्या तळाशी मूठभर वाळू टाकून फारसं साधत नाही. आजूबाजूचं पाणी तिथेच गोळा होतं आणि चकती आधी कुजते. खारी किंवा उंदीर कंद उकरत असतील, तर वाफ्यावर तारेची जाळी अंथरावी. डॅफोडिल विषारी असल्याने ते सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत.

सामुदायिक बागेत आणखी एक संकट असतं: सहकाऱ्यांची कुदळ. हिवाळ्यात वाफा मोकळा दिसतो आणि कुणीतरी मनापासून तो खणून काढतं. म्हणून लावणीच्या दिवशीच कोपऱ्यांवर खुंट्या ठोकाव्यात, नकाशा काढून सर्वांना दाखवावा. बहर ओसरला की सुकलेली फुलं खुडावीत, पानं मात्र निदान सहा आठवडे राहू द्यावीत. तीच पानं पुढच्या वर्षीच्या फुलाचं अन्न कंदात भरतात. पानांची वेणी घालणं किंवा गाठ मारणंही नको, त्याने ऊन अडतं. म्हणून पाटीवर नुसतं फुलाचं नाव लिहू नये. खाली ठळक अक्षरांत लिहावं: ‘पानं पिवळी पडेपर्यंत कापू नका.’