एकटा आर्गॉन, घोळक्यातला आर्गॉन

परवा वाळूज एमआयडीसीत स्टीलच्या टाक्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये गेलो होतो. कोपऱ्यात साखळीनं बांधलेलं आर्गॉनचं सिलिंडर दाखवत तिथले वेल्डर मामा म्हणाले, "सर, ह्या गॅसला कशाचंच देणंघेणं नाही. म्हणून तर जोड काळा पडत नाही." रसायनशास्त्राच्या पुस्तकातलं अख्खं प्रकरण त्यांनी दोन वाक्यांत उरकलं.

आर्गॉन विकत आणायचा असला तरी तो आपल्या श्वासातही असतोच. शंभर लिटर हवेत जवळपास एक लिटर. परभणीतलं मे महिन्याचं ऊन माणसाला भाजून काढतं, पण त्या प्रकाशानं आर्गॉनचं काही बिघडत नाही. त्याच्या अणूतून एक इलेक्ट्रॉन बाहेर काढायचा, म्हणजेच त्याचं आयनीभवन करायचं, तर १५.७६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) ऊर्जा लागते. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणाकडे, म्हणजे फोटॉनकडे, फार तर तीन. मग सहा फोटॉन एकत्र आले तर? उन्हात ते जमत नाही. हा व्यवहार एकरकमी आहे, हप्ते पाडून मिळत नाहीत. (वेल्डिंगच्या ज्वाळेत आर्गॉनचं आयनीभवन होतं, पण ते प्रकाशानं नव्हे, वेगानं आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे.) एकरकमी देऊ शकणारा प्रकाश म्हणजे खूप ऊर्जेचे अतिनील किरण. ते हवेतून जात नाहीत, त्यामुळे सगळा खेळ निर्वातात मांडावा लागतो. सिंक्रोट्रॉन नावाच्या यंत्रातून असे किरण मिळतात. आपल्याकडे इंदूरला ते आहे.

ही झाली एकट्या अणूची गोष्ट. आता वायू दाबून भरा आणि अगदी बारीक छिद्रातून निर्वातात सोडा. सायकलच्या ट्यूबची हवा सोडताना बोटाला गार लागतं, त्याचंच हे टोकाचं रूप. वायू इतका थंड होतो की कुणात न मिसळणारे अणूही एकमेकांना चिकटून पुंजके करतात. दोन अणूंचे, तेरांचे, हजारोंचे. ही चिकटण मात्र नावापुरती: आर्गॉनची जोडी तोडायला ०.०१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात.

अशा जोडीवर प्रकाश टाकला की पहिली गंमत दिसते. तिचं आयनीभवन सुमारे १४.५ मध्येच होतं, म्हणजे शेजारी असला की रकमेत सूट! इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेला धन प्रभार दोघांत वाटला जातो आणि ते अणू एकमेकांना घट्ट धरतात. हा बंध १.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, पहिल्याच्या शंभरपट.

मोठ्या पुंजक्यात हेच घडतं तेव्हा पंचाईत होते. दोन-तीन अणू जवळ ओढले जातात, त्यातून सुटलेली ऊर्जा बाकीच्यांना हादरवते आणि बाहेरचे अणू पटापट निसटतात. पुंजक्यात किती अणू आहेत हे मोजायचं तर त्याला प्रभार द्यावा लागतो, आणि प्रभार दिला की तोच विस्कटतो. १९८१ मध्ये आर्गॉनच्याच कुळातल्या झेनॉन वायूचे पुंजके असे मोजले, तेव्हा अणूंचे १३, ५५, १४७ असे आकडे ठळकपणे पुढे आले. मधे एक, भोवती बारा. मग त्यावर बेचाळिसांचा थर. रचना सुरेख आहे, पण मला ते आकडे पाहताना नेहमी वाटतं की ही पडझडीनंतर तग धरलेल्यांची हजेरी आहे.

त्याहून नवलाची गोष्ट त्याच कुळातल्या निऑनची. त्याचा आतला एक इलेक्ट्रॉन काढला की बाहेरचा त्या जागी घसरतो आणि सुमारे २७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट मोकळे होतात. आपलाच दुसरा इलेक्ट्रॉन फेकायला एकट्या अणूला तेवढे पुरत नाहीत. तो ही ऊर्जा सावकाश प्रकाश म्हणून सोडून देतो. शेजारी असेल तर मात्र ती त्याच्याकडे जाते, आणि शेजाऱ्याला इलेक्ट्रॉन गमवायला २१.६ च लागतात! दोघेही धन झाले की एकमेकांना ढकलून उधळतात. केलं एकानं, भोगलं दुसऱ्यानं. हायडेलबर्गच्या लोरेन्झ सेडरबाउम यांनी सहकाऱ्यांसह १९९७ मध्ये गणितानं हे भाकीत केलं, आणि २००३ मध्ये निऑनच्या पुंजक्यांत ते प्रत्यक्ष दिसलं.

तीव्र लेझरपुढे तर एकरकमीचा नियमही वाकतो. फोटॉनांची गर्दीच इतकी की हप्ते चालून जातात. हॅम्बुर्गला २००२ मध्ये १२.७ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या फोटॉनांचा मारा झेनॉनवर केला, तेव्हा सुटे अणू एकेक इलेक्ट्रॉन देऊन थांबले. पुंजक्यांतून मात्र आठ-आठ इलेक्ट्रॉन गमावलेले आयन बाहेर पडले. सुटलेले इलेक्ट्रॉन पुंजक्यातच अडकतात, आयनांवर आपटत प्रकाशाची ऊर्जा पीत राहतात, आणि शेवटी सगळा पुंजका फुटतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर्गॉनचेच पुंजके असे फोडले गेले. २०१३ मध्ये तिथल्या चमूनं दाखवलं की फुटून सुसाट निघालेले आयन वाटेतल्या इतर पुंजक्यांकडून इलेक्ट्रॉन परत मिळवतात. वेग तोच, दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंतच्या ऊर्जेचा, आणि प्रभार शून्य. मामांच्या सिलिंडरमध्ये असतो तसाच साधा आर्गॉन, फक्त बंदुकीतून सुटल्यासारखा.