शकुंतला रेल्वे

शकुंतला रेल्वे हे पश्चिम विदर्भातील यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या नॅरोगेज रेल्वेमार्गाचे लोकांच्या तोंडी रुळलेले नाव. हा मार्ग सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा. किलिक निक्सन या मुंबईतील ब्रिटिश व्यापारी पेढीने ती उभी केली आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वऱ्हाडात रूळ टाकले.

मार्ग टाकला तो कापसासाठी. यवतमाळ, दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अंजनगाव या पट्ट्यातल्या जिनिंग-प्रेसिंगमधल्या गाठी मूर्तिजापूरला यायच्या. तिथे मुंबई–नागपूर ब्रॉडगेजच्या डब्यांत त्या भरल्या जायच्या आणि मुंबई बंदराकडे रवाना व्हायच्या. रुळांतले अंतर अवघे ७६२ मिलिमीटर. हलके रूळ आणि अरुंद भराव यांमुळे खर्च कमी येई. मूर्तिजापूरहून यवतमाळ सुमारे ११३ किलोमीटर, तर अचलपूर सुमारे ७७ किलोमीटर. वर्धा जिल्ह्यातला पुलगाव–आर्वी हा सुमारे ३५ किलोमीटरचा फाटाही याच कंपनीचा. तो आता बंद आहे.

रूळ कंपनीचे असले तरी गाडी चालवायची ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि तिच्यानंतर मध्य रेल्वे. १९५१-५२ मध्ये देशातल्या रेल्वेची फेररचना झाली तेव्हाही हा मार्ग खासगी मालकीतच राहिला. करारानुसार कंपनीला मोबदला मिळायचा, म्हणून ‘शकुंतलेचे पैसे अजून इंग्रजांना जातात’ असे सर्रास सांगितले जाते. ते बरोबर नाही. स्वातंत्र्यानंतर किलिक निक्सन भारतीयांच्या हाती आली.

गाड्यांचा ताफा लहानच होता. मँचेस्टरला १९२१ मध्ये बांधलेले झेडडी जातीचे वाफेचे इंजिन १९२३ पासून इथे धावले. १५ एप्रिल १९९४ रोजी ते काढून डिझेल इंजिन जोडण्यात आले. मोजके डबे आणि बेताचा वेग. शेवटच्या काळात तर गार्डच तिकिटे फाडायचे, आणि फाटक आले की गाडीवरचेच कर्मचारी उतरून ते लावायचे, गाडी पुढे गेली की उघडायचे. एवढ्या तुटपुंज्या मनुष्यबळावर ही सेवा टिकवणाऱ्या या माणसांची नोंद रेल्वेच्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवी.

कापूस ट्रकने जाऊ लागल्यावर गाडी उरली ती प्रवाशांची: शेतमजूर, शाळकरी पोरे, आठवडी बाजाराला निघालेल्या बायाबापड्या, कारंज्याला नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानी जाणारे दत्तभक्त. एसटीपेक्षा तिकीट कितीतरी स्वस्त असल्याने वेळ लागला तरी लोक हीच गाडी धरत.

रूळ आणि पूल जीर्ण होत गेले आणि गेल्या दशकात दोन्ही बाजूंची वाहतूक थांबली. ब्रॉडगेजची मागणी मात्र अजून जोरात आहे, आणि ती रास्त आहे. यवतमाळ आणि दारव्ह्याला वर्धा–नांदेड हा नवा मार्ग मिळतो आहे. कारंजा, दर्यापूर, अंजनगाव आणि अचलपूर त्या मार्गावर नाहीत. शकुंतलेचे रुंदीकरण झाले नाही तर या गावांना रेल्वेच उरत नाही.