ड्रेन मोटर की ड्रेन पंप? आधी पाइप बघा

डोंबिवलीहून मावशीचा फोन आला तेव्हा तिच्या वॉशिंग मशीनमध्ये गळ्यापर्यंत पाणी होतं आणि त्यात दोन चादरी आणि काकांचे शर्ट तरंगत होते. पाणी उतरत नव्हतं. दुरुस्तीवाल्यानं मशीन न बघता फोनवरच निदान केलं होतं, "पंप गेला." मावसभावानं तर ऑनलाइन पंप मागवूनही टाकला होता. मी एवढंच विचारलं, "मावशी, मागचा पाइप मशीनमधून निघून आधी वर चढतो, की सरळ जमिनीवरून मोरीत जातो?"

"जमिनीवरूनच की. वर कशाला चढेल?"

म्हणजे त्या मशीनमध्ये पंपच नव्हता. जे मुळात नाही ते जाणार कुठून?

ड्रेन मोटर आणि ड्रेन पंप ही दोन नावं आपल्याकडे सर्रास एकाच अर्थानं वापरली जातात. दोन्ही भाग मशीनच्या बुडाशी असतात, दोन्हींना बहुधा दोन वायरी असतात, दोन्ही पाणी बाहेर जाण्याच्या वेळीच चालू होतात. एलजीच्या मशीनवर 'ओई' किंवा सॅमसंगवर '५ई', '५सी' असा कोड आला तर तोही 'पाणी गेलं नाही' एवढंच सांगतो, कोणता भाग बिघडला ते सांगत नाही. पण पंप पाणी ढकलतो आणि ड्रेन मोटर पाण्याला हातही लावत नाही, ती फक्त दार उघडते. बाकीचा सगळा फरक यातून निघतो.

दार म्हणजे ड्रेन व्हॉल्व्ह. टबाच्या तळाशी पाणी जायच्या वाटेवर प्लास्टिकचं एक घर असतं. त्यात रबरी टोपीसारखा बेलो असतो आणि त्याच्या आत स्प्रिंग. स्प्रिंग बेलोला कायम दाबून धरते, म्हणून वाट बंद राहते. कुणी तो मागे ओढला की पाणी आपल्या वजनानं खाली येतं आणि पाइपातून मोरीत जातं. घरात कधी सेमी-ऑटोमॅटिक मशीन असेल तर हे तुम्ही स्वतःच्या हातानं केलेलं आहे. त्यातला 'ड्रेन'चा खटका फिरवला की आतली दोरी किंवा पट्टी असाच व्हॉल्व्ह उचलते. फुली ऑटोमॅटिकमध्ये तुमच्या हाताच्या जागी ड्रेन मोटर आली, एवढंच. ती असते काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, आत छोटी मोटर आणि दातेरी चाकांची साखळी. वीज मिळाली की चार-पाच सेकंदांत व्हॉल्व्हला अडकवलेला आपला आकडा, म्हणजे हुक, आत ओढून घेते आणि वीज असेपर्यंत धरून ठेवते. वीज गेली की सोडून देते, आणि स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद करते.

पंप हे वेगळंच प्रकरण. मोटरच्या टोकाला पात्यांचा छोटा पंखा असतो, तो बंद डब्यात गरगर फिरतो आणि पाणी वर फेकतो. फ्रंट लोडमध्ये हाच असतो. टॉप लोडच्याही काही मॉडेलमध्ये असतो, पण आपल्याकडच्या साध्या टॉप लोडमध्ये बहुधा व्हॉल्व्ह आणि ड्रेन मोटरचीच जोडी मिळते. मला ती आवडतेही. घाण पाणी, केस, दोरे, सुटलेली बटणं यांच्या मधोमध फिरणारा भाग जितका कमी तितकं बरं. शिवाय आपल्या घरात मोरी जमिनीलगत असतेच, मग पाणी वर चढवायचं कशाला?

अमेरिकेत भिंतीतल्या उभ्या नळीत वरून पाइप सोडायची पद्धत आहे, त्यामुळे तिकडच्या टॉप लोडला पंप लागतोच. न्यू जर्सीतला भाचा "मामा, हे बघून करा, दहा मिनिटांचं काम आहे" म्हणून व्हिडिओ पाठवतो, त्यातलं मशीन म्हणूनच आपल्या मशीनशी जुळत नाही. आणि तिकडून कुणी प्रेमानं पंप आणून दिलाच, तर तो १२० व्होल्टचा असणार. आपल्या २३० व्होल्टवर तो जळेल.

आता पाइपाकडे येतो, कारण याच बाबतीत दोन्ही यंत्रणा बरोब्बर उलट वागतात.

व्हॉल्व्हवाल्या मशीनमध्ये पाणी उतारानं जातं, म्हणून पाइप जमिनीलगत हवा. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये मशीन ड्राय बाल्कनीत किंवा बाथरूमच्या दाराशी ठेवलेलं असतं आणि पाइप मोरीच्या उंबऱ्यावरून आत टाकलेला असतो. उंबरा चार इंचांचा असला तर पाण्याला चार इंच चढावं लागतं. टब भरलेला असताना वरच्या पाण्याचा दाब असतो तोवर ते चढतं, टब रिकामा होत आला की वेग मंदावतो. मशीन वाट बघतं, बघतं आणि कोड दाखवतं. मग ड्रेन मोटर बदलली जाते, तरी महिन्याभरात तेच. यावर उपाय एकच, मशीनखाली भक्कम स्टँड घ्यायचा किंवा पाइप खालून न्यायचा. पाइपाला आणखी दोन मीटरचा तुकडा जोडला, त्याला मध्ये झोल पडला, टोक बादलीतल्या पाण्यात बुडालं, तरी हीच तक्रार येते.

पंपवाल्या मशीनचा पाइप मात्र आधी वर गेलाच पाहिजे. पंप बंद असताना तो दार नसतो, नुसती उघडी वाट असते. पाणी आत थोपवून धरतो तो वर चढवलेला पाइप. म्हणून कंपन्या साधारण ६० ते १०० सेंमी उंची सांगतात, आणि बऱ्याच मशीनच्या पाठीवर पाइप वर नेऊन क्लिपमध्ये अडकवलेला असतो. तिथून पुढे तो मोरीत सोडला तरी चालतं. पण सफाई करताना कुणी तो क्लिपमधून काढून सरळ जमिनीवर टाकला, तर मशीन पाणी घेत राहतं आणि ते तसंच वाहून जातं. पाइप खाली केला की एक मशीन सुधारतं आणि दुसरं बिघडतं. फोनवर सल्ला मागणाऱ्याला मी आधी पाइपच विचारतो, तो म्हणूनच.

पाइप कपाटामागे दडला असेल तर कानानं ओळखा. पाणी सोडताना पंपवाल्या मशीनमधून शेवटपर्यंत एकसारखं 'घूंऽऽ' येत राहतं. व्हॉल्व्हवाल्यात सुरुवातीला बारीक कुर्रर्र, मग टक, आणि नंतर फक्त पाण्याची खळखळ. शेवटी मोटर आकडा सोडते तेव्हा आतून एक 'धप्प' येतं.

या धप्पमध्ये ड्रेन मोटरचं दुसरं काम दडलेलं आहे, आणि पंपाला ते माहीतही नसतं. बऱ्याच टॉप लोडमध्ये ती व्हॉल्व्हबरोबर ब्रेक-क्लचची तरफही ओढते. कपडे धुताना ड्रम ब्रेकनं जखडलेला असतो आणि आतली चक्री, म्हणजे पल्सेटर, तेवढी फिरते. पाणी सोडताना तरफ ओढली गेली की ब्रेक सुटतो, क्लच लागतो आणि ड्रम चक्रीसकट फिरायला मोकळा होतो. म्हणजे ड्रेन मोटर गेली की पाणी तर उतरत नाहीच, स्पिनही होत नाही. ती ओढलेल्या अवस्थेत अडकून बसली तर तिसराच प्रकार दिसतो, धुण्याच्या वेळीच ड्रम कपड्यांसकट फिरू लागतो आणि खालून पाणीही निघून जातं. हे पाहून कुणी अख्खा गिअर बॉक्स बदलायला सांगेल. त्याआधी तरफ आपल्या जागेवर परत येते का, एवढं बघायला सांगा. काही इन्व्हर्टर मॉडेलमध्ये क्लचसाठी वेगळी मोटर असते. तिथे ही दोन दुखणी एकत्र येतीलच असं नाही.

पंपाची दुखणी त्या मानानं सरळ आहेत. घूं आवाज येतो पण पाणी जात नाही, म्हणजे पंख्यात नाणं, पिन, नाहीतर लहान मुलाचा मोजा अडकला. काहीच आवाज नाही, म्हणजे कॉइल गेली किंवा वीजच पोचत नाही. फिल्टर असेल तर आधी तो उघडायचा, खाली परात ठेवून. निम्म्या वेळा काम तिथेच संपतं.

मावशीकडे गेलो तेव्हा आधी पाणी काढायचं होतं. पंपाचं मशीन असतं तर पाइप क्लिपमधून काढून खाली केला की झालं असतं. इथे प्लग काढला, नळ बंद केला, मशीन भिंतीपासून ओढलं आणि खालून हात घालून व्हॉल्व्हचा आकडा हातानंच मागे ओढून धरला. पाणी भळाभळा मोरीत गेलं. म्हणजे वाट मोकळी होती, दार ओढणारा हातच लुळा पडला होता. ही आकडा हातानं ओढून बघायची चाचणी फुकट आहे आणि मल्टीमीटरच्या आधीची आहे.

मग मल्टीमीटर. प्लग काढलेलाच ठेवून ड्रेन मोटरचं कनेक्टर सोडवलं आणि ओहम, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजले. चांगली ड्रेन मोटर बहुधा काही हजार ओहम दाखवते, पंपाची कॉइल शंभर-दोनशेच्या आसपास. मावशीची मोटर काहीच दाखवेना, आतली तार तुटलेली. ओहमचं माप नीट आलं असतं तर मोटरऐवजी वायर आणि मशीनच्या सर्किट बोर्डाकडे संशय गेला असता. चालू मशीनवर व्होल्ट मोजायचं काम मात्र रोज करणाऱ्यावर सोडा. खाली ओल असते, आणि शेजारच्या मोठ्या मोटरच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठलेली असू शकते. त्याच्या टोकांना बोट लावायचं नाही. वायरी मात्र डोळ्यांनी जरूर बघा. बुडाची जाळी निघालेली असेल तर उंदीर आत जातात आणि हीच दोन वायरींची जोडी कुरतडतात. तेव्हा नवी मोटर आणूनही मशीन हलत नाही.

मोटर बदलणं अवघड नाही, उलटी बसवणं फार सोपं आहे. जुनी काढण्याआधी आकडा, तरफ आणि वायर यांचे फोटो काढा. मशीन जुन्या गोधडीवर मागे कलतं करा, जोडीला माणूस घ्या, कारण टब चार रॉडवर लोंबतो आणि झोकांडी खातो. दोन स्क्रू, एक कनेक्टर, एक आकडा, एवढंच काढायचं असतं. दुकानात जुनी मोटर सोबत न्या. व्होल्टेज, आकडा कुठल्या बाजूला येतो आणि तो किती मिलिमीटर ओढतो, हे तिन्ही जुळायला हवं. ओढ कमी पडली तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडतो किंवा क्लच अर्धवट लागतो आणि घासून आवाज करतो. बसवल्यावर, मोटर शांत असताना, जोडणीत किंचित ढिलाई राहिली पाहिजे. ती ताठ ओढलेली असेल तर व्हॉल्व्ह कधीच पूर्ण मिटणार नाही. किंमत दोन्ही भागांची काहीशे रुपयांतली असते, बाकी जे बिल होतं ते येण्याजाण्याचं आणि 'मशीन खोललं' या शब्दाचं.

नवी मोटर बसली, पाणी उतरलं, स्पिन झालं. मावशीनं चहा टाकला. पण मशीन पुन्हा भरायला लावलं तर पाइपातून संथ धार लागली.

व्हॉल्व्हवाल्या मशीनमध्ये ही दुसरी नेहमीची तक्रार: पाणी येतं तेवढं जातं, पातळी गाठलीच जात नाही. पंपवाल्यात असं झालं तर पाइपाची उंची बघायची. इथे बघायचा तो बेलो. व्हॉल्व्हच्या घराचं झाकण उघडून बेलो बाहेर काढला, तर त्याच्या कडेवर ब्लाउजचा एक हुक आडवा बसलेला, भोवती दोरे गुंडाळलेले, आणि बोअरच्या पाण्याचा पांढरा थर. दार आठवडाभरानं पहिल्यांदा उघडलं आणि मिटताना हुक फटीत सापडला. रबर कुठे चिरलेलं नव्हतं, म्हणून नवा बेलो लागला नाही. थर बोटानं आणि जुन्या टूथब्रशनं निघाला. चाकू किंवा स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडू नका, कडेवर एक ओरखडा पडला तरी थेंब चालू राहतात.

मशीन भिंतीला सरकवण्याआधी शेवटचं काम केलं. सगळ्यात कमी पातळीला पाणी भरलं, मशीन थांबवलं आणि पाइपाच्या तोंडाखाली कालचा पेपर पसरून ठेवला. पंधरा मिनिटं. तेवढ्यात बेल वाजली. मावसभावाचा पंप आला होता, डबा न उघडताच परत केला. चहा होईपर्यंत पेपर कोरडा होता.