मिनी गोल्फ (छताखालचा)

मिनी गोल्फ म्हणजे गोल्फचा फक्त शेवटचा टप्पा. लांबवर उडवायचा फटका यात नाही आणि हिरवळीवरची काही किलोमीटरची पायपीटही नाही. पटर नावाच्या चपट्या पात्याच्या काठीने चेंडू जमिनीवरून घरंगळत न्यायचा, वाटेतले अडथळे चुकवायचे किंवा ओलांडायचे आणि तो भोकात घालायचा. भोक आणि तिथवरची वाट मिळून एक ‘होल’ होतो. असे बहुधा १८ होल एकामागून एक खेळतात आणि ज्याचे एकूण फटके सर्वांत कमी तो जिंकतो. हाच खेळ मॉलच्या वरच्या मजल्यावर, जुन्या गोदामात किंवा तळघरात मांडला की तो छताखालचा मिनी गोल्फ. सांगली-मिरजेची मंडळी लग्नाला, मुलांच्या परीक्षेला किंवा नुसती सुट्टी म्हणून मोठ्या शहरात जातात, तेव्हा हाताशी उरलेल्या एका संध्याकाळी हा खेळ प्रथम त्यांच्या पुढ्यात येतो.

गोट्या खेळलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. अंगणातली गल, तिच्याभोवतीचा पायाने गुळगुळीत केलेला उतार, मधेच आलेला खडा आणि हाताचा अंदाज या चार गोष्टी इथेही आहेत. कॅरम खेळणाऱ्याला तर अर्धी विद्या आधीच आलेली असते, कारण कडेवर चेंडू आपटून दिशा बदलणे हा मिनी गोल्फचा गाभा आहे.

खेळाची सुरुवात स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावी स्त्रियांनी केली, हे मुद्दाम सांगायला हवे. बाईने काठी खांद्यावर उगारून फटका मारणे तेव्हा अशोभनीय मानत. त्यामुळे स्त्रियांसाठी चढ-उतारांची लहान हिरवळ राखली गेली आणि १८६७मध्ये तिथे लेडीज पटिंग क्लब सुरू झाला. त्या हिरवळीला ‘हिमालयाज’ म्हणतात. पुढची मोठी झेप अमेरिकेत घेतली गेली, आणि तीही सरकीच्या जोरावर. हिरवळ राखायला पाणी, माणूस आणि पैसा लागतो. १९२०च्या दशकाच्या आरंभी टॉमस फेअरबेर्न याने सरकीची टरफले दळून त्यात वाळू, तेल आणि हिरवा रंग मिसळला व चेंडू सारखा घरंगळेल अशी कृत्रिम जमीन तयार केली. आपल्याकडे जनावरांच्या दावणीत दिसणारी सरकी तिकडे खेळाचे मैदान झाली. गवताची गरज संपल्यावर मैदान कुठेही नेता येऊ लागले. १९२६पासून न्यू यॉर्कमध्ये इमारतींच्या गच्च्यांवर ही मैदाने होऊ लागली आणि दशक संपेपर्यंत एकट्या त्या शहरात दीडशेहून अधिक झाली.

टेनेसी-जॉर्जिया सीमेवरच्या लुकआउट माउंटनवर गार्नेट कार्टर याने १९२७च्या सुमारास ‘टॉम थंब गोल्फ’ सुरू केला. परीकथेतले अडथळे त्याची पत्नी फ्रीडा हिच्या कल्पनेतले होते. १९३०मध्ये अमेरिकेत मिनी गोल्फची लाट आली आणि महामंदीत तितक्याच वेगाने ओसरली. तरीही १९३८मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनच्या जोसेफ आणि रॉबर्ट टेलर या भावांनी पवनचक्की, किल्ला, विहीर असे अडथळे बनवायला सुरुवात केली. मिनी गोल्फ म्हटले की डोळ्यांसमोर पवनचक्की येते, ती तेव्हापासून. १९५४ साली दोन वेगळ्या वाटा फुटल्या. स्वित्झर्लंडमधल्या आस्कोना गावी पॉल बोन्यी याने ठरावीक मापांच्या १८ काँक्रीट मार्गांचे मैदान उघडले आणि त्यातून युरोपातला स्पर्धात्मक खेळ वाढला. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनातल्या फेएटव्हिलला डॉन क्लेटनने ‘पट-पट’ नावाचा मिनी गोल्फ सुरू केला. त्यात पवनचक्क्यांना थारा नव्हता, सगळा भर कोन आणि वेगावर होता. स्पर्धांमध्ये एका होलला जास्तीत जास्त सहा फटके मिळतात. तरीही चेंडू पडला नाही तर सात मांडून पुढे जायचे.

छताखाली आल्यावर मात्र हा खेळ मांडणाऱ्याचा झाला. सॅन फ्रान्सिस्कोत ‘अर्बन पट’ने २०१४मध्ये एका जुन्या घरात १४ होल मांडले. त्या वास्तूत पूर्वी मृतदेहांची अंत्यविधीपूर्व व्यवस्था होत असे. त्यांचे काही होल त्या शहराच्याच खुणांवर बेतलेले आहेत आणि चेंडू आत शिरला की यंत्रे हलू लागतात. लंडनमध्ये २०१८मध्ये आलेल्या ‘पटशॅक’ने चेंडूतच यंत्रणा बसवली. फटके चेंडूच मोजतो, कागद-पेन्सिल लागत नाही. सोय म्हणून हे चांगलेच आहे. पण खिशातली बोटभर पेन्सिल काढून भावाचा आकडा आपल्या हाताने मांडण्यातला आनंद त्यात जातो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जागेचा हिशोब पाहिला की हा खेळ शहरात का रुजला ते कळते. पूर्ण गोल्फ मैदानाला साधारण सव्वाशे एकर लागतात. वाळवा-पलूस भागात तेवढ्या उसाच्या रानावर कितीतरी घरे चालतील. छताखालचा मिनी गोल्फ पाच-सात हजार चौरस फुटांत बसतो. ऊन-पावसाशी त्याचे देणेघेणे नाही, आणि एप्रिल-मेमध्ये सांगलीकराला त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

आता चेंडूकडे नीट पाहू. गोल्फच्या भोकाचा व्यास १०८ मिलिमीटर आणि चेंडूचा सुमारे ४३. भोकाच्या मध्यावरून जाणाऱ्या चेंडूचा वेग सेकंदाला साधारण १.३ मीटरच्या आत असेल तर तो अलगद आत पडतो. १.६च्या आसपासपर्यंत मागच्या कडेला आपटून पडू शकतो, त्याहून जास्त असेल तर वरून निघून जातो. १.३ मीटर म्हणजे सांगलीच्या आयर्विन पुलावरून सकाळी फिरायला जाणाऱ्या माणसाची चाल. नवखा खेळाडू जोर लावतो, नेमका मारतो आणि तरी चेंडू भोकावरून उडून जातो, त्यामागे हे एवढेच कारण असते.

आता वाटेत एक उभे रिंगण ठेवा. चेंडूने वरपर्यंत चढून, न पडता, दुसऱ्या बाजूने उतरायचे. रिंगणाची त्रिज्या १५ सेंटिमीटर असेल, तर पायथ्याशी चेंडूचा वेग सेकंदाला सुमारे २.४ मीटर हवा, नाहीतर तो माथ्यावर पोचण्याआधीच सुटतो. म्हणजे रिंगण पार करणारा चेंडू भोकाला नको असलेल्या वेगानेच बाहेर येतो. हा जादा वेग कुठेतरी जिरवावा लागतो. घर्षण सोडून हिशोब केला तर त्याला साधारण २८ सेंटिमीटर उंचीची, म्हणजे सव्वा वीत चढण लागते. चांगला रचनाकार रिंगणापुढे नेमकी तेवढी चढण देतो आणि वर सपाटीवर भोक ठेवतो. खेळणाऱ्याला वाटते की आपला हात बसला. खरे तर सुताराने आधीच हिशोब करून ठेवलेला असतो.

कडांचेही तसेच. कॅरमच्या कडेला सोंगटी ज्या कोनात लागते, जवळपास त्याच कोनात परतते, अशी आपल्या डोळ्याला सवय असते. मऊ कडेला लागलेल्या चेंडूचा कडेवर आपटणारा वेग बराच गळतो, त्यामुळे तो अपेक्षेपेक्षा कडेला धरून निघतो. लाकडी कड, रबर लावलेली कड आणि विटांची कड यांवर तोच फटका तीन ठिकाणी जातो. कृत्रिम हिरवळीच्या तंतूंनाही दिशा असते. तंतूंच्या कलाने चेंडू लांब जातो, उलट दिशेने मारला तर लवकर थकतो. वाकून हातानेच कुरवाळून पाहावे, लगेच कळते. स्पर्धेतले खेळाडू वेगवेगळ्या उसळीचे डझनभर चेंडू पिशवीत बाळगतात आणि थंडीत ते खिशात ऊबेला ठेवतात, कारण गार रबर कमी उसळते.

अंधारात चमकणारी दालने हा छताखालच्या खेळाचा खास भाग. तिथले जांभळट दिवे अतिनील प्रकाश देतात, तो डोळ्याला जवळजवळ दिसत नाही. भिंतींवरचे रंग तो शोषून दिसणारा प्रकाश बाहेर टाकतात, म्हणून मासे, ग्रह, वेली हवेत तरंगल्यासारख्या वाटतात. पांढरा शर्ट घालून गेलेला माणूस निळसर उजळतो, कारण कपडे धुण्याच्या पावडरीत तसेच चमक देणारे द्रव्य असते. दृश्य सुंदर असते यात शंका नाही. पण त्या उजेडात जमिनीचा उतार दिसत नाही आणि त्याचा अंदाज पायांनी घ्यावा लागतो. खेळ मनापासून शिकायचा असेल तर साध्या उजेडातले मैदान निवडावे.

जाणाऱ्यांसाठी थोडे. आठवड्यातल्या दुपारी जावे, शनिवार-रविवारी मागचा गट टाचेला लागतो आणि घाई होते. चौघांचा गट बरा, १८ होलना तासभर पुरतो. टाचेची चप्पल नको, सपाट बूट घालावेत. चेंडू कडेला चिकटला तर पटरच्या पात्याएवढा आत घ्यायची मुभा बहुतेक ठिकाणी असते, आधी विचारून घ्यावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना बाकावर पर्स सांभाळायला बसवू नये. साठीच्या आजीला पहिले दोन होल पटर कसा धरावा कळत नाही. तिसऱ्याला ती नातवाला म्हणते, “थांब रं, घाई करू नगंस,” आणि चेंडू कडेला हळूच लावून भोकाशी नेते. जोर कमी आणि धीर जास्त असलेल्या माणसाला हा खेळ साथ देतो. आजी आणि आठ वर्षांचा नातू यांना सारख्या पायरीवर उभे करणारे खेळ फार थोडे आहेत.

पवनचक्कीच्या होलपाशी मुले सर्वांत जास्त रेंगाळतात. चार पाती आणि मिनिटाला सहा फेरे असतील तर दर अडीच सेकंदांनी एक पाते दारावरून जाते. लहान मूल आधी नुसतेच मारते, चेंडू पात्याला लागून परत येतो. मग ते थांबते, ओठ हलवत मोजते, एक पाते जाऊ देते आणि मारते. चेंडू दारातून आत गेला की ते चेंडूकडे न बघता मागे आईबापाकडे बघते.

सांगलीकराने त्या वेळी पवनचक्कीच्या मागे डोकावून पाहावे. तिथे जे दिसते ते त्याच्या ओळखीचे असते: प्लायचा सांगाडा, एखादी संथ फिरणारी मोटर, पुली, पट्टा आणि वायरची गुंडाळी. गणेशोत्सवात गल्लोगल्लीची मंडळे जे हलते देखावे उभारतात, त्यांची हीच विद्या आहे. राक्षसाची मान हलवायला, हनुमानाचा हात वर न्यायला गाडीची वायपर मोटर वापरतात. ती बारा व्होल्टवर चालते आणि आतल्या वर्म गिअरमुळे मुळातच संथ व जोरकस असते. मांडवामागे मध्यरात्री उकिडवे बसून आस जुळवणारा कार्यकर्ता, एका दगडावर दोन लाकडी पाचर ठोकून मूर्तीचा तोल साधणारा सुतार, कुपवाडच्या कारखान्यात दिवसभर लेथ चालवून रात्री मंडळात येणारा कामगार, यांच्या हाताला मिनी गोल्फचे होल बनवणे नवे वाटणार नाही. ही परंपरा जुनी आहे. १८४३मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणणारे विष्णुदास भावे लाकडी बाहुल्या घडवणारे कारागीरही होते. सोंग हलले पाहिजे, ही हौस या गावाला नाटकाइतकीच जुनी.

उत्तम मिनी गोल्फ त्या त्या गावाचा असतो, सॅन फ्रान्सिस्कोतल्या मांडणीने तेच दाखवले. सांगलीच्या होलांसाठी विषय शोधायला दूर जावे लागणार नाही. आयर्विन पुलाचा होल घ्या: चेंडूने कमानींवरून अरुंद वाटेने जायचे, घसरला तर खाली कृष्णेत, आणि खांबावर ४० फुटांची इशारा पातळी व ४५ फुटांची धोका पातळी रंगवलेली. २००५ आणि २०१९चे पूर पाहिलेल्या घरातली मुले त्या खुणा आपसूक वाचतील. मिरजेच्या सतारीचा होल: भोपळ्याच्या पोकळ पोटात चेंडू शिरला की तार छेडली जाईल. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते चिठ्ठी चिकटवून सांगण्यापेक्षा असे ऐकवलेले बरे.

आणि शेवटचा होल सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवाचा. हळद साठवण्यासाठी तिथे जमिनीत पेवे खणत, तोंड अरुंद आणि पोट प्रशस्त. २००५च्या पुराचे पाणी पेवांत शिरले आणि साठवलेली हळद गेली. बहुतेक मिनी गोल्फमध्ये शेवटच्या होलात पडलेला चेंडू हाती परत येत नाही. तो भोकाखालच्या नळीतून थेट काउंटरमागच्या टोपलीत जातो, म्हणजे खेळणाऱ्याला आणखी एक फटका मारायचा मोह उरत नाही. पेवाचे तोंड त्यासाठी अगदी जुळते: पिवळ्या मातीच्या कडेवर चेंडू एक गिरकी घेतो, आत जातो, खोलवर कुठेतरी टप्प असा आवाज येतो, आणि पोरे पोटावर पालथी पडून आत बघत राहतात.