‘घट्टच घ्या, वापरून सैल होईल’ हे हिलला लागू नाही
चपलांच्या दुकानात हमखास ऐकू येतं: “घट्टच घ्या ताई, आठ दिवसांत सैल होईल.” सपाट कातडी चपलेपुरतं ते थोडंफार खरं आहे, कातडं रुंदीत जरा सैलावतं. लांबीत मात्र वाढत नाही, आणि रेक्झिन तर रुंदीतही फारसं देत नाही.

हिलमध्ये त्रास आणखी वाढतो. टाच वर गेली की पाऊल उतारावरून पुढे घसरतं, भार चवड्यावर येतो आणि निमुळत्या टोकात बोटं चेंगरतात. मग करंगळीवर कुरूप होतं, अंगठ्याचं नख मांसात रुततं. म्हणजे चपलेआधी पाऊलच बदलू लागतं!

खरेदी संध्याकाळी करा, तोवर पाय थोडे फुगलेले असतात. कागदावर उभं राहून दोन्ही पावलांची रेघ आखून घ्या, त्यातल्या मोठ्या पावलाचा कागदी आकार कापून चपलेत ठेवा. कागद जिथे कडेला दुमडेल, तिथेच ती चावणार. सर्वांत लांब बोटापुढे साधारण १ सेंमी जागा हवी. हिलची उंची ५ सेंमीच्या आत बरी. घोट्याशी पट्टा असला की घसरणं कमी होतं.

रोज हिल घालणाऱ्यांची पोटरी आखडते. भिंतीला हात टेकून, मागची टाच जमिनीला चिकटवून ३० सेकंद ताण द्या, प्रत्येक पायाला तीनदा.

मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर चावलेलं कळतच नाही आणि जखम चिघळते. अशांनी घट्ट हिल घालूच नये.