प्रश्न वस्तीचा, मोजमाप दोघांचं

मानखुर्दच्या एका गल्लीत, पोटमाळ्याच्या शिडीला टेकून मी आरोग्य पाहणीचा फॉर्म भरत होते. समोरच्या ताई मूळच्या जालन्याकडच्या. तिसऱ्याच प्रश्नाला त्यांनी मला थांबवलं. "मागच्या साली पण एक मॅडम आल्या होत्या. पोराचं वजन केलं, दंडाला पट्टी लावली, सगळं लिहून नेलं. पुढं काय झालं त्याचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित धरतात. म्हणजे आईला काय ते त्याच मिनिटाला सांगता आलं असतं.

त्या आईला उत्तर देणं हे माणुसकीचं आहेच, पण शास्त्राचंही आहे. वस्तीचा भरवसा नसेल तर माहितीच चुकीची हाती येते. मुंबईत फॉर्म घेऊन दारात उभा राहिलेला माणूस आधी झोपू (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेचा सर्व्हेवाला वाटतो. घर पात्र की अपात्र याची धास्ती असताना वरच्या खोलीतले भाडेकरू कोण मोजून दाखवेल? दोन आठवड्यांचा खोकला, म्हणजे क्षयाची शंका, घरमालकाच्या कानावर गेला तर खोली जायची, म्हणून खोकलाही दडवला जातो. त्यात आम्ही जातो सकाळी अकराला. तेव्हा घरकाम करणाऱ्या बायका चेंबूरच्या इमारतींमध्ये भांडी घासत असतात. घरी सापडतात त्या बहुतेक बाळंतिणी, म्हाताऱ्या नाहीतर आजारी. नमुना तिथेच एका बाजूला कलतो आणि नंतरच्या गणिताने तो पुरता सरळ होत नाही. वस्तीतली एखादी बाई अभ्यासात बरोबरीने असेल तर ती पहिल्याच दिवशी सांगते, "रात्री नऊनंतर या."

लोकांपर्यंत पोचणं किती मोलाचं, हे याच शहरात दिसलं आहे. १९९८ साली टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा, दोन गट पाडून, अभ्यास सुरू केला. विषय होता गर्भाशयमुखाचा कर्करोग. पॅप तपासणीला, म्हणजे तिथल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला, प्रयोगशाळा लागते, तज्ज्ञ लागतात. इथे वापरलं ते सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे जवळजवळ स्वयंपाकघरातलं व्हिनेगर. ते कापसाने लावलं की मिनिटभरात बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा दिसू लागतो. त्या पेशींची केंद्रकं मोठी असतात, प्रथिनं जास्त असतात आणि आम्लाने ती साकळतात. हे पाहून ओळखणाऱ्या होत्या दहावी शिकलेल्या, चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका. तंत्र सोपंच होतं. अवघड होतं ते लाजेने, भीतीने मागे सरणाऱ्या बाईला तपासणीला आणणं, आणि त्यासाठी घरोघरी जाऊन बोलावं लागलं. तपासणीच्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

या अभ्यासावर गंभीर आक्षेपही घेतला गेला, आणि तो वगळून पुढे जाणं मला पटत नाही. तुलनेच्या, म्हणजे दुसऱ्या गटातल्या स्त्रियांना आरोग्याची माहिती मिळाली, तपासणी मिळाली नाही. देशात तेव्हा अशी नियमित तपासणी नव्हतीच, ही अभ्यासकांची बाजू. मला वाटतं, कुणाला काय मिळणार नाही हे ठरवायच्या बैठकीत, ज्यांना ते मिळणार नाही त्या बायका असायलाच हव्यात.

लोकांना बरोबर घेतलं की यश हमखास, असंही नाही. नेपाळच्या मकवानपूरमध्ये बायकांचे गट दर महिन्याला बसून बाळंतपणातल्या अडचणींवर बोलले, त्यांनी आपापले उपाय काढले, आणि नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. 'स्नेहा' संस्थेने तीच वाट मुंबईच्या ४८ वस्त्यांमध्ये तपासली. निम्म्या वस्त्यांत गट चालवले. २०१२ साली निकाल छापून आला: मृत्यू कमी झाले नव्हते. मकवानपूरला बाळंतपणं घरीच व्हायची, इथे बहुतेक बायका आधीपासूनच रुग्णालयात जात होत्या. तिथली अडचण इथली नव्हती.

इथली अडचण कोणती, ते मला त्या जालन्याच्या ताईंकडूनच कळलं. पुढच्या खेपेला मी रात्री गेले. आधी मुलाचं वजन केलं, दंड मोजला, त्याचा अर्थ त्यांना समजावून सांगितला. मग त्या म्हणाल्या, "एक विचारू? नळाला पाणी सुटतं तेव्हा पहिल्यांदा वास मारतो. ते मोजता येतं का?"

मोजता येतं. पाणी ठरावीक वेळच येत असेल तर उरलेल्या वेळात पाइपातला दाब उतरतो. मग गळक्या सांध्यांमधून शेजारच्या गटाराचं पाणी आत झिरपतं आणि नळ सुरू झाला की आधी तेच बाहेर येतं. हुबळी-धारवाडमध्ये अभ्यासकांनी हे तपासलं, तेव्हा सुरुवातीच्या पाण्यात जिवाणू जास्त सापडले. म्हणजे रांगेत जिचा हंडा पहिला, तिच्या घरात सगळ्यांत खराब पाणी जाण्याची शक्यता. आमच्या फॉर्मवर 'पाणी उकळता का?' एवढंच होतं. रांगेत नंबर कितवा, हे विचारायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

त्या आठवड्यात पहाटे साडेचारला आम्ही दोघी नळाशी उभ्या होतो. निर्जंतुक बाटल्या मी आणल्या होत्या. त्यांची नववीतली मुलगी मोबाइलच्या उजेडात चिठ्ठ्या लिहीत होती: पहिलं मिनिट, पाचवं मिनिट, विसावं मिनिट. पाणी सुटलं तशी ताईंनी पहिला हंडा बाजूला सरकवला आणि बाटली धारेखाली धरली.